एका नोकरीमागे चार नोकऱ्या, हा हिशेब कुणी केला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठा प्रकल्प जाहीर झाला की बातमीत एक वाक्य हमखास असतं: 'प्रत्यक्ष एक हजार आणि अप्रत्यक्ष चार हजार रोजगार.' प्रत्यक्ष रोजगाराचा आकडा पुढेमागे हजेरीपटावर तपासता तरी येतो. अप्रत्यक्षचा आकडा कुठून आला हे कुणी विचारत नाही, कुणी सांगतही नाही. तो हवेतून पडलेला नसतो. त्यामागे शहरांच्या वाढीविषयीचा एक जुना सिद्धांत आहे, त्या सिद्धांताचं स्वतःचं गणित आहे, आणि त्या गणितात चूक कुठून शिरते हेही जाणकारांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. वाचकांनाही ते ठाऊक असावं, म्हणून हे पत्र.

सिद्धांताचं नाव 'आर्थिक पाया'. शहरातली कामं दोन प्रकारची, असं तो मानतो. काही कामं बाहेरच्यांना माल किंवा सेवा विकून बाहेरचा पैसा आत आणतात. बाकीची तोच पैसा शहरात फिरवतात, म्हणजे दुकानं, दुरुस्ती, शाळा, वाहतूक. पहिली वाढली की दुसरी आपोआप वाढतात. इथे 'निर्यात' म्हणजे जहाजावर चढलेला मालच असं नाही. बाहेरगावाहून उपचारासाठी आलेला रुग्ण किंवा शिकायला आलेला विद्यार्थी हीसुद्धा शहराची निर्यातच. अमेरिकेत 1930च्या दशकात होमर हॉइट यांनी घरांची मागणी किती असेल याचा अंदाज बांधण्यासाठी ही पद्धत वापरली. 1955मध्ये डग्लस नॉर्थ यांनी तिला प्रादेशिक वाढीच्या सिद्धांताचं रूप दिलं.

आता गणित. समजा शहरात 2,00,000 माणसं कामाला आहेत. कोण किती माल बाहेर विकतो हे प्रत्येक कारखान्यात जाऊन विचारणं खर्चाचं, म्हणून जवळची वाट काढली जाते. शहरातल्या कामगारांपैकी 12 टक्के कापडधंद्यात आहेत आणि देशभरात हेच प्रमाण 4 टक्के आहे. 12 भागिले 4, उत्तर 3. याला लोकेशन कोशंट म्हणतात. तो 1च्या वर गेला की समजायचं, शहर स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त बनवतं आणि जादा माल बाहेर जातो. कापडात माणसं 24,000. शहराच्या गरजेपुरती 4 टक्के, म्हणजे 8,000. उरली 16,000, ती पायाभूत, म्हणजे बाहेरचा पैसा आणणारी. अशी सगळ्या धंद्यांची बेरीज 50,000 आली, तर 2,00,000 भागिले 50,000, गुणक 4. म्हणजे पायाभूत एका नोकरीमागे आणखी तीन. बातमीतलं 'एकास चार' खरं ठरायला गुणक 5 हवा. म्हणजे शहरातल्या दर पाच कामगारांमागे एकच जण बाहेरचा पैसा आणतो, असं कुणीतरी कुठेतरी मोजलेलं असायला हवं.

यातली पहिली फट वर्गवारीची. समजा 'यंत्रसामग्री' अशी एकच ओळ धरली. शहरात फक्त पंप बनतात, ते जवळजवळ सगळे बाहेर जातात, आणि बाकीची झाडून सगळी यंत्रं बाहेरून येतात. यंत्रसामग्रीतल्या कामगारांचं प्रमाण देशाइतकंच असेल तर कोशंट येतो 1, आणि कागदावर निर्यात येते शून्य! पंपांचा अख्खा धंदा पायातून गायब. छेद लहान झाला की भागाकार मोठा येणारच. म्हणून वर्गवारी जितकी ढोबळ तितका गुणक फुगीर, हे लक्षात ठेवावं. उद्योगांची दोन अंकी (ढोबळ) वर्गवारी वापरली की चार अंकी (बारीक), यावरच त्याच शहराचा गुणक बदलतो. प्रकल्प अहवालात ही माहिती नसेल, तर गुणकाचा आकडा वाचायची तसदी घेण्याचं कारण नाही.

याच पद्धतीत आणखी दोन गृहीतकं लपलेली असतात. शहरातला माणूस देशातल्या सरासरी माणसाइतकंच कापड, औषध, लोखंड वापरतो, हे एक. शहरातला कामगार देशातल्या सरासरी कामगाराइतकाच माल काढतो, हे दुसरं. दोन्ही क्वचितच खरी असतात.

दुसरी फट याहून खोल आहे. गुणक 4 हा शहराच्या आजवरच्या सगळ्या इतिहासाचा सरासरी निकाल. उद्या येणाऱ्या कारखान्यामागे तीन नोकऱ्या येतील, असं त्यातून निघत नाही. मोठ्या शहरात हरतऱ्हेची दुकानं, दवाखाने, वकील, छापखाने असतात. ते स्वतःच्या गरजा स्वतःच भागवतं, म्हणून त्याचा गुणक मोठा. लहान शहराचा पैसा आला तसा मोठ्या शहरात जातो. मोठ्या शहराचा गुणक लहान शहरातल्या प्रकल्पाला चिकटवला की अहवाल सुंदर दिसतो, एवढंच.

खरा प्रश्न गळतीचा. बाहेरून शंभर आले. त्यातले कर, बचत आणि परगावची खरेदी वजा जाता 60 शहरातच खर्च झाले. पण दुकानदाराच्या गल्ल्यात पडलेल्या त्या 60पैकी निम्मे तर बाहेरून आलेल्या मालाचे; शहरातल्या कुणाचं तरी उत्पन्न झालं ते 30. पुढच्या फेरीत 9, त्यापुढे 2.7. मूळच्या शंभरासकट सगळी बेरीज सुमारे 143, गुणक 1.43. आता नवा प्रकल्प काहीही न आणता एवढंच बदललं, की खर्च झालेल्या 60पैकी निम्म्याऐवजी दोन तृतीयांश शहरात उत्पन्न म्हणून राहिले. 30ऐवजी 40 राहिले आणि बेरीज 167वर गेली. दर शंभरामागे 24ची भर, तीही जमीन न देता आणि करमाफी न देता. गळती बुजवण्याच्या कामाचं उद्घाटन करता येत नाही, ही त्याची मोठी अडचण.

हा 1.43 उत्पन्नाचा गुणक आहे आणि बातम्यांतला आकडा माणसांचा असतो. दोघांची गल्लत करू नये. जास्त पगाराच्या एका तंत्रज्ञाच्या खर्चावर कमी पगाराची चार माणसं कशीबशी जगू शकतात. तेव्हा डोकी मोजली तर एकास चार भरतील, पगार मोजले तर अर्धासुद्धा भरणार नाही. एन्रिको मोरेत्ती यांनी 2010मध्ये अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून काढलेला अंदाज असा: कारखानदारीतल्या एका नव्या नोकरीमागे स्थानिक सेवांत सुमारे 1.6 नोकऱ्या. उच्च तंत्रज्ञानातल्या नोकरीमागे पाचपर्यंत. पण त्याच शहरात बाहेर माल विकणाऱ्या इतर धंद्यांत लक्षणीय वाढ त्यांना दिसली नाही. कारण उघड आहे: मजुरी चढते, जागा महागते, आणि ज्याचा भाव बाहेरचा बाजार ठरवतो त्याला तो वाढीव खर्च गिऱ्हाइकावर ढकलता येत नाही. नव्या पाहुण्याने घरच्यांना बाहेर काढलं, तर तीही वजाबाकी हिशेबात धरायला हवी. अहवालांत ती कधी नसते.

नॉर्थ यांच्या लेखाला पुढच्याच वर्षी, 1956मध्ये, चार्ल्स टिबू यांनी दिलेलं उत्तर आजही वाचण्यासारखं आहे. निर्यातीशिवाय वाढ होत नसेल, तर अख्खं जग कसं वाढलं? जग कुणाला निर्यात करतं? गाव जितकं लहान तितकी त्याची वाढ निर्यातीवर जास्त अवलंबून, आणि हिशेबाचा परीघ जितका मोठा तितकं आतल्या घडामोडींना महत्त्व जास्त. निर्यात-पायाचा सिद्धांत साफ खोटा नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांचा अंदाज बांधायला तो चालतो. शहर पुढची वीस-तीस वर्षं काय करून जगेल हे मात्र त्याला सांगता येत नाही, कारण नवा निर्यात-धंदा कुठून जन्मतो याविषयी तो गप्प आहे.

त्यावर बोलल्या शहरांविषयी लिहिणाऱ्या जेन जेकब्स. 1969च्या त्यांच्या पुस्तकातलं जपानी सायकलींचं उदाहरण मला सिद्धांताहूनही मोलाचं वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानात सायकली आयात होत. मोडल्या की दुरुस्ती आली. परदेशी सुटे भाग महाग, आणि एक सायकल खोलून दुसरीला भाग लावणं परवडेना. तेव्हा दुरुस्तीवाल्यांनीच भाग बनवायला घेतले, प्रत्येकाने एकेक भाग पत्करला. बघता बघता टोकियोतल्या दुरुस्तीच्या दुकानांतून सायकलचे बहुतेक सगळे भाग निघू लागले. मग व्यापाऱ्यांनी ते जुळवून घेण्याचे करार केले, सायकल तयार. एक मोठा कारखाना उभारण्याचा खर्च नाही, परदेशी तज्ज्ञ नाहीत, आणि कारागिरी शेकडो हातांत पसरलेली. ती पुढे इतर यंत्रांच्या कामी येतेच.

जेकब्स यांच्या मते शहर झपाट्याने वाढतं ते असं, बाहेरून येणाऱ्या वस्तू स्वतः बनवू लागल्यावर. आयात त्यामुळे घटत नाही. वाचलेल्या पैशातून शहर बाहेरून दुसरंच काही आणतं. याचा अनेक सरकारांनी सोयीस्कर अर्थ लावला: बाहेरून अख्खा कारखाना आणायचा, भिंतीआड ठेवायचा आणि त्याला आयातीला पर्याय म्हणायचं. त्यात दुरुस्तीवाले नाहीत, सुट्या भागांची साखळी नाही, म्हणून त्यातून पुढचं काहीच निघत नाही.

हेच अपयश दुसऱ्या एका नावाखालीही झालं. 1955मध्ये फ्रान्स्वा पेरू यांनी 'वृद्धी ध्रुव' ही कल्पना मांडली. त्यांचा ध्रुव म्हणजे खरेदी-विक्रीच्या संबंधांतला एक मोठा उद्योग, ज्याच्या मागण्यांमुळे इतर उद्योग हलतात. त्यांनी नकाशावरच्या ठिपक्याबद्दल हे म्हटलं नव्हतं. नियोजनकारांनी मात्र ते नकाशावर ठिपके काढायला वापरलं. दक्षिण इटलीतल्या तारान्तोला 1965मध्ये प्रचंड पोलाद कारखाना सुरू झाला. अशा प्रकल्पांना तिथे 'वाळवंटातली कॅथेड्रलं' म्हणू लागले. कच्चा माल बाहेरून, पोलाद बाहेर, यंत्रं आणि निर्णय उत्तरेतून. आसपासच्या लहान कारखानदारांना द्यायला काही नाही आणि घ्यायला मजुरीपलीकडे काही नाही.

एकाच धंद्यात मुरलेलं शहर बरं की नाना धंद्यांचं, हा वादही जुना. आल्फ्रेड मार्शल यांनी 1890मध्ये एका धंद्याच्या वस्त्यांचे तीन फायदे सांगितले: कसबी कामगार तयार मिळतात, पूरक धंदे आणि हत्यारं पुरवणारे जवळ येतात, आणि कसबातली गुपितं इतकी मोकळी फिरतात की मुलं ती न शिकवताच शिकतात. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या सुऱ्या-कात्र्या हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. मार्शल यांचं नाव घेऊन 'क्लस्टर' उभारणारे त्यांचाच पुढचा इशारा विसरतात: एका धंद्यावर जगणाऱ्या वस्तीला मंदी आली की ती भयानक येते.

1992मध्ये एडवर्ड ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 170 शहरांची 1956 ते 1987 मधली रोजगारवाढ तपासली. स्पर्धा आणि विविधता असलेल्या ठिकाणी वाढ जास्त दिसली. एकाच धंद्याच्या एकवटण्याने ती वाढलेली दिसली नाही. व्हर्नन हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी 1995मध्ये दुरुस्ती सुचवली: जुन्या, स्थिरावलेल्या उद्योगांना स्वतःच्या जातकुळीचे शेजारी मानवतात, नव्या तंत्रज्ञानाला मिश्र वस्ती लागते. पुढे ड्युरांटन आणि पुगा यांनी 2001मध्ये दोन्ही बाजू जोडल्या. नवा माल कसा बनवायचा हे ठरेपर्यंत उद्योजक नाना धंद्यांच्या शहरात राहतो, कारण प्रयोगाला हरतऱ्हेचे पुरवठादार हाताशी लागतात; पद्धत बसली की तो स्वस्त, एका धंद्याच्या शहरात उठून जातो. फ्रान्समधल्या आकडेवारीत जागा बदलणाऱ्या दर दहा उद्योगांपैकी सातांहून जास्त याच दिशेने गेले होते. म्हणजे एखादा कारखाना आपल्याकडे आला, तर तो आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आला हे विचारावं. पद्धत पक्की झाल्यावर स्वस्त जागेसाठी आलेला उद्योग आणखी स्वस्त जागा मिळताच निघतो.

यात सर्वात कमी वाचला गेलेला लेख बेंजामिन चिनिट्झ यांचा, 1961चा. न्यूयॉर्क आणि पिट्सबर्ग यांची तुलना. पिट्सबर्ग नुसतं एका धंद्याचं होतं असं नाही. तिथल्या पोलाद कंपन्या अवाढव्य होत्या. वाहतूक, दुरुस्ती, कायदेशीर काम, गोदाम, सगळं त्या स्वतःच्या आवारात करत. त्यामुळे बाहेरच्या लहान उद्योजकाला ह्या सेवा विकत मिळतच नसत. बँका मोठ्या गिऱ्हाइकांना सरावलेल्या. नवख्याला कर्ज देण्याची सवय नाही. पगारदार अधिकाऱ्याच्या घरात धंद्याची भाषा नाही, तेव्हा पुढच्या पिढीतही धंदेवाला निपजण्याची शक्यता कमी. न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या धंद्यात उलट: कुणीही भाड्याच्या खोलीत सुरुवात करावी, बटणं एकाकडून, कापणी दुसऱ्याकडून, उधारी तिसऱ्याकडून. शहरात मोठे कारखाने किती, यापेक्षा ते आपली कामं बाहेर देतात की आतच करतात हे पाहणं महत्त्वाचं, असा याचा सरळ अर्थ.

अमेरिकेतलं डेट्रॉइट शहर हे या सगळ्याचं एकत्र उदाहरण. पिठाच्या व्यापारातून जहाजदुरुस्ती, तिच्यातून जहाजांची इंजिनं, त्यातून तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रशाळा. मोटारी जन्मल्या त्या या गजबजाटात. नंतर मोटारींनी बाकीचं गिळलं, उत्पादन मोजक्या कंपन्यांच्या हाती गेलं. 1950मध्ये लोकसंख्या सुमारे 18.5 लाख, 2010मध्ये 7.14 लाख, आणि 2013मध्ये दिवाळखोरी. गुन्नर मिर्दाल यांनी 1957मध्ये हा उतार कसा चालतो ते लिहून ठेवलं होतं: कारखाना बंद पडतो, दुकानांची विक्री घटते, कराचं उत्पन्न घटतं, पालिका दर वाढवते किंवा सेवा कमी करते, मग टिकलेले धंदेही निघतात. घसरण स्वतःच स्वतःला ढकलत राहते. बाजार आपणहून तोल सावरत नाही.

रस्त्यांबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण महामार्ग म्हणजे विकास हे आपण धरूनच चालतो. पॉल क्रुगमन यांच्या 1991च्या मांडणीत वाहतूक खूप महाग असते तेव्हा लहान शहराचे कारखाने दुराव्याच्या आडोशाने तगून राहतात. वाहतूक स्वस्त झाली की मोठ्या बाजारपेठेजवळच्या मोठ्या कारखान्याचा माल थेट दारात येतो आणि तो आडोसा जातो. रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. जपानमध्ये बुलेट ट्रेन आणि नवे पूल झाल्यावर लहान शहरांची खरेदी आणि कचेऱ्या मोठ्या शहरांकडे खेचल्या गेल्या; त्याला तिथे 'स्ट्रॉ परिणाम' असंच म्हणतात, पेयात नळी घालून ओढल्यासारखं.

आणि जमीन. शहरात उत्पन्न वाढलं पण घरं वाढू दिली नाहीत, तर वाढलेला पगार भाड्यात आणि जागेच्या किमतीत मुरतो. गुणकाच्या गणितात हे 'शहरात राहिलेलं उत्पन्न' म्हणून दिसेल, फक्त ते जमीनमालकांच्या खात्यात. विकासाच्या घोषणेला सर्वात आधी टाळ्या कुठून पडतात, ते यावरून कळतं.

आपल्या वार्ताहरांसाठी शेवटी एक हत्यार सुचवतो, शिफ्ट-शेअर. त्याला बेरीज-वजाबाकी पुरते. एखाद्या धंद्यात शहरात 10,000 नोकऱ्या होत्या, दहा वर्षांत 2,800 वाढल्या. वाढ 28 टक्के, मथळ्यासाठी झकास. याच काळात देशातला एकूण रोजगार 20 टक्के वाढला असेल, तर 2,000 नोकऱ्या देशाच्या लाटेच्या. तो धंदा देशभर 35 टक्के वाढला असेल, तर आणखी 1,500 त्या धंद्याच्या तेजीच्या. अपेक्षा झाली 3,500. शहराचा स्वतःचा वाटा उणे 700. नोकऱ्या वाढल्या आणि शहर मात्र मागे पडलं, हे एकाच वेळी खरं असतं. का मागे पडलं ते या आकड्यातून कळणार नाही. कुठे चौकशी करायची तेवढं कळतं. सुरुवातीचं वर्ष मंदीचं निवडलं तर चित्र उजळ दिसतं, म्हणून वर्ष कुणी आणि का निवडलं हेही छापावं.

तेव्हा पुढच्या प्रकल्पाची बातमी येईल तेव्हा 'अप्रत्यक्ष रोजगारा'च्या आकड्याशेजारी एवढं जरूर द्यावं: गुणक कोणत्या शहराचा, कोणत्या वर्षाचा, किती अंकी वर्गवारीचा, प्रकल्प चालू झाल्यावर वर्षाला जी खरेदी करेल तिच्यापैकी किती शहराच्या हद्दीतून, दुरुस्ती, सुटे भाग, वाहतूक ही कामं बाहेर देणार की आवारातच करणार, आणि बांधकामाच्या काळातले मजूर त्या आकड्यात मिसळले आहेत का. हा शेवटचा प्रश्न विचारायला विसरू नये. दोन वर्षांच्या बांधकामाची मजुरी कायमच्या नोकऱ्यांत मोजलेली अनेकदा तिथेच सापडते.

आपला,
शहरी अर्थशास्त्राचा एक अभ्यासक